सुजाताबाईंची सहल

यंदाही आमच्या गावच्या बायका संक्रांतीनंतर विशाखापट्टणमला जाणार आहेत. परवा दोघीजणी घरी आल्या आणि सहलीचा कापडी फलक उलगडून दाखवला. निळ्या कापडावर लाटा, एक जहाज, वर ठसठशीत अक्षरांत माझं नाव आणि खाली 'गुरुजींची समुद्र सहल'. "काई बदलाचं हाय का, मास्तर?" एकीने विचारलं. "ठेवून जा, पाहतो," मी म्हणालो. बदलायचं तर आहेच. पण कशासाठी बदलायचं ते दोन वाक्यांत सांगितलं, तर मास्तरांना संकोच वाटतो म्हणून त्या हसतील. असं याआधी झालेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुढच्या वर्षी लिहू म्हणण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

ही सहल माझी नाही, कधीच नव्हती. ती सुजाताबाईंची.

सुजाताबाई आमच्या गावच्या उपकेंद्रात सिस्टर होत्या. नागभीडहून गावात शिरताना शाळा लागते, शाळेमागे उपकेंद्र, आणि त्याच्या मागे दोन खोल्यांत त्या राहायच्या. ठेंगण्या, सावळ्या, चालणं असं की बरोबरच्या माणसाला अर्धवट पळावं लागे. नवरा फार लवकर वारला होता, मूलबाळ नव्हतं. सकाळी बुद्धवंदना म्हणून बाहेर पडल्या की गावातलं कुठलंही घर त्यांचंच. उंबऱ्यात उभं राहून पहिला प्रश्न ठरलेला: "जेवलं कोण नाई अजून?" उत्तर बहुधा त्या घरची सूनच असे. मग आत जाऊन त्या तिच्यासमोर ताट ठेवीत, आणि तिचं संपेपर्यंत सासूशी बोलत बसत. सासूला उठून काही म्हणता येत नसे.

त्यांची आणखी एक खोड होती. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायच्या. नाडी पाहायची सवय, दुसरं काही नाही. पण माणूस अवघडून जायचा. मी एकदा त्यांना सांगत होतो की पत्नी गेल्यापासून माझं तसं बरं चाललंय, स्वयंपाक जमतो, वाचन होतं. त्यांनी मनगट सोडलं नाही. म्हणाल्या, "मास्तर, तुमी एक बोलून राह्यले, नाडी दुसरंच बोलून राह्यली." त्या संध्याकाळपासून माझ्याकडे कधी वांग्याची भाजी, कधी जवसाची चटणी येऊ लागली. ती आणणारी बाई रिकामं भांडं नेताना घर नीट आहे का तेही पाहून जायची. मी निवृत्त, एकटा, दारं लावून बसणारा माणूस. त्या दारांची कडी बाहेरून कोणी काढली असेल तर ती सुजाताबाईंनी.

समुद्राचं वेड त्यांना सिरोंच्याला लागलं. नोकरीच्या सुरुवातीला त्या तिथे होत्या, तेलुगू तिथेच शिकल्या. बरोबरच्या एका तेलुगू सिस्टरच्या बहिणीचं लग्न विशाखापट्टणमला होतं, त्याला गेल्या आणि समुद्र पाहून आल्या. पुढे बदली भामरागडला झाली. तिथे पावसाळ्यात नद्या फुगतात आणि रस्ता तुटतो. अडलेली बाळंतीण खाटेवर, खाट चौघांच्या खांद्यावर, आणि समोर पाणी. पाणी उतरेपर्यंत काठावर बसून राहायचं. हे त्यांनी किती वेळा केलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायच्या, "आपल्या इकडं पाणी म्हंजे अडवनारं. नदी आली, थांबा. नाला आला, थांबा. तिथी म्या पाह्यलं, पाणी मानसाइले घेऊन जाऊन राह्यलं. येवढाली जहाजं! म्या म्हणलं, हे आपल्या बायकाइनं पाहाले पाहिजे."

निवृत्त झाल्यावर त्यांनी मनावरच घेतलं. धान कापून, चुरून घरात आलं की बायकांना थोडी उसंत मिळते. तेवढ्यात जाऊन यायचं. त्या घरोघर फिरल्या. बायका तयार झाल्या, पण नवऱ्यांचं आणि सासऱ्यांचं एकच म्हणणं: "येवढ्या दूर बायकाच बायका? सोबत एक तरी बाप्या पाहिजे."

त्या तडक माझ्याकडे आल्या. "मास्तर, चला."

"मला तिथलं काय कळतं?"

"काईच नाई कळत, म्हनूनच चला. कळनारा मानूस मधात मधात बोलते. तुमाले काई कराचं नाई. तुमाले फक्त दिसाचं."

असा मी त्या सहलीचा बाप्या झालो. नागभीडच्या स्टेशनवर बायकांना पोचवायला आलेल्या प्रत्येक पुरुषाने माझ्याशी हात मिळवला, "सांभाळा मास्तर" म्हणाला, आणि सगळ्या पिशव्या मात्र सुजाताबाईंच्या सांगण्यावरून लावल्या. बल्लारशाला गाडी बदलली. रात्रभराचा प्रवास झाला, बाहेर नारळ दिसू लागले. मला मनातून वाटत होतं, आपण नेतो आहोत. माणसाला फार पटकन तसं वाटतं.

विशाखापट्टणमला काय काय पाहायचं हे आता कोणीही सांगेल, फोनवर सगळं मिळतं. पण कसं पाहायचं, ते सुजाताबाईंनी ठरवलेलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना रामकृष्ण बीचवर नेलं आणि वाळूत बसवलं. पाण्यात जायचं नाही, फोटो काढायचा नाही, आधी नुसतं बसायचं. एक तरणी सून चुळबुळ करू लागली, तेव्हा म्हणाल्या, "अवं, नव्या घरी पाव्हनी गेली तं सिधी चुलीपाशी जाते का? पयले ओट्यावर बसते. बस तशी." बायका बसल्या. आमच्याकडची माणसं तलावाची. प्रत्येक गावाला जुना तलाव असतो, त्याला मातीची पाळ असते, पलीकडचं गाव दिसतं. इथे पलीकडे काहीच नव्हतं. मग एकीने हळूच विचारलं, "सिस्टरबाई, याची पाळ कुठी हाय?" कोणी हसलं नाही, कारण तो प्रश्न सगळ्यांचाच होता. माझाही.

मग दुसऱ्या दिवसापासून पाहणं. त्याच रस्त्यावर वाळूत एक खरी पाणबुडी आणून ठेवली आहे, आत जाऊन पाहता येते. लुगडी सावरत, वाकून, लोखंडी भोकांतून बायका पुढे सरकत होत्या. आत झोपायच्या फळ्या, यंत्रं, नळ्या. तिथला माणूस हिंदीत समजावत होता की सगळे महिनोन्‌महिने पाण्याखाली राहत. सगुणाबाई नावाची आमच्यातली सगळ्यात म्हातारी, तिने त्याला थांबवलं. "इतके बाप्ये, अन् एक बी बाई नाई?" "नहीं माताजी." "मंग भात कोन रांधे?" त्याने आचाऱ्याची इवलीशी जागा दाखवली. सगुणाबाईने आत डोकावून पाहिलं आणि सुनांकडे वळून म्हणाली, "पाहा व! बाप्याले पान्यात बुडवलं की रांधाले येते."

पहाटे मासळी बंदर. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बायका लिलाव ओरडतात. सुजाताबाईंचं म्हणणं, देवळाआधी हे पाहायचं, कारण इथे काम करणाऱ्या बाया दिसतात. आमच्या बायकांनी तिथे सुकट घेतली, आणि परतीच्या गाडीत त्या वासाने सगळा डबा हैराण झाला. तिकीट तपासनीस नाकाला रुमाल लावून आला, तेव्हा सुजाताबाईंनी गंभीरपणे सांगितलं, "औषध हाय साहेब, गुडघ्याचं." तो निमूट पुढे गेला.

सिंहाचलमला चंदनाने झाकलेला नृसिंह पाहायला त्या सगळ्यांबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. त्या बौद्ध, पण रांग मोडू नये, म्हातारीला चक्कर येऊ नये, म्हणून शेवटपर्यंत उभ्या. दुसऱ्या दिवशी थोटलाकोंडाला जायचं म्हटल्यावर दोघीतिघी कुरकुरल्या, तिथे तर देवच नाही म्हणे. सुजाताबाई म्हणाल्या, "काल मी तुमच्या देवाच्या रांगेत होती का नाई? आज तुमी माह्या इटांवर बसा." टेकडीवर भिक्खूंच्या जुन्या विहाराचे विटांचे चौथरे आहेत, खाली दूरवर समुद्र. खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पावसाचं पाणी ते लोक त्यात साठवत, असं त्यांनी सांगितलं, आणि बायकांचे चेहरे एकदम उजळले. "म्हंजे तलाव!" समुद्राच्या काठावर राहणाऱ्यांनाही प्यायला तलावच लागतो, याचं त्यांना केवढं समाधान झालं! कुरकुरणाऱ्या बायकाच मग उठायला तयार नव्हत्या.

एवढ्या गर्दीच्या शहरात त्या बायकांना कशा सांभाळत, ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे वाघाचं जंगल. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला बायका जातात तेव्हा पांगतात, पण आवाजाने बांधलेल्या असतात. थोड्या थोड्या वेळाने एकजण आहात का म्हणून हाक देते, "हाव काऽऽ?" आणि जिथे जिथे असतील तिथून सगळ्या ओरडतात, "हाऽऽव!" एखादा आवाज कमी पडला तर काम सोडून तिला शोधायचं. आणि जिला हाक ऐकू येत नाही, तिने फिरायचं नाही. झाडाला पाठ लावून, आहे तिथे उभं राहायचं. हाक येईल. ही रीत सुजाताबाईंनी तशीच्या तशी विशाखापट्टणमला नेली. बाजारात, देवळात, वाळूत, मधूनच त्यांचा आवाज उठायचा, "हाव काऽऽ?" आणि चारी दिशांनी उत्तर यायचं. लोक वळून पाहायचे. माझी मान खाली जायची.

कैलासगिरी म्हणून एक टेकडी आहे. वर शंकरपार्वतीच्या पांढऱ्याशुभ्र मोठ्या मूर्ती, बाग, टेकडीभोवती फिरणारी छोटी आगगाडी, आणि खाली उतरायला दोरीवरचे पाळणे. तिथून वळणावळणाचा किनारा दिसतो. शहर पाहायचं तर ते तिथूनच. आम्ही गेलो तेव्हा रविवार होता, पाय ठेवायला जागा नव्हती. सुजाताबाई पाळण्याच्या तिकिटांसाठी रांगेत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "मास्तर, तोवर तुमी पाहा. हाक चालू ठेवा म्हना एकीले."

एकीने हाक दिली. सगळ्यांनी उत्तर दिलं. जवळ काही तरुण मुलंमुली उभी होती, चांगल्या कपड्यांतली. ती हसायला लागली. एकाने फोन समोर धरला, दुसऱ्याने तसाच आवाज काढून दाखवला. मग पुन्हा हसणं. त्यातल्या एका मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी यांच्यातलाच का, असं. मी पुढे झालो आणि बायकांना म्हणालो, "बंद करा ते. हे जंगल नाही. लोक हसताहेत." वर्गात बोलायचो त्या आवाजात. बायका गप्प झाल्या. पुन्हा कोणी हाक दिली नाही.

सुजाताबाई तिकिटं घेऊन आल्या. "सगळ्या हाव का, मास्तर?" मी नजर फिरवली आणि "आहेत" म्हणालो. पाळण्यांतून खाली उतरलो, आणि खाली आल्यावर कळलं की सगुणाबाई नाही.

तिच्या घरच्यांच्या आग्रहाखातर तिला आणलं होतं असं नाही, उलट होतं. मुलगा नामदेव नको म्हणत होता. तिला नीट दिसत नव्हतं, तिच्याकडे फोन नव्हता. सुजाताबाईंनी त्याला शब्द दिला होता. आम्ही पुन्हा वर गेलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती, लोक परतत होते. सुजाताबाई त्या मोकळ्या होत चाललेल्या बागेत हाका देत फिरल्या. "सगुणाबाई, हाव काऽऽ?" उत्तर आलं नाही. त्यांनी पोलीस चौकीत तेलुगूत सगळं सांगितलं. बायकांना धर्मशाळेत आणलं, जेवू घातलं. त्या वेळी बायकांनी त्यांना काय घडलं ते सांगितलं असणार. मला त्या काहीच बोलल्या नाहीत.

सकाळी बाग उघडायच्या आधीच त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे. फुटाणे विकणारे, फुलांचे गजरे विकणाऱ्या, कणसं भाजणाऱ्या, जो येईल त्याला विचारायचं. एका फुलवालीने सांगितलं, शेंगा विकणाऱ्या अप्पलम्माने काल एका परक्या म्हातारीला घरी नेलं. ती आम्हांला कोळ्यांच्या वस्तीत घेऊन गेली.

सगुणाबाई ओट्यावर बसली होती, मांडीवर सुपात मासळी, शेजारी अप्पलम्माची सून, आणि दोघींच्या जोरात गप्पा चालल्या होत्या. एकीची तेलुगू, एकीची आमची झाडीची बोली. आम्हांला पाहून ती म्हणाली, "आल्या का? बसा. भात होऊन राह्यला."

सुजाताबाई तिच्याजवळ बसल्या आणि तिचं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग विचारलं, "कुठी होती व माय?"

"झाडाले पाठ लावून उभी होती. म्हणलं, आता आवाज येईन, मंग आवाज येईन. कोनीच आवाज नाई देल्ला. पाय गेले माहे, तवा बसली. मंग हे आली, हात धरला, चाल म्हने. हिचं म्हननं समजलं नाई, पन हात समजला."

मी तिथेच उभा होतो. ती म्हातारी, डोळ्यांनी अधू, अनोळखी शहरातल्या एका बागेत आमच्या जंगलाची रीत पाळत झाडाला टेकून उभी राहिली होती. तिने सगळं बरोबर केलं होतं. हाक मी बंद केली होती.

बातमी आमच्या आधी गावात पोचली. नागभीडच्या फलाटावर नामदेव उभाच होता. त्याने आईला जवळ घेतलं आणि मग सुजाताबाईंवर बरसला. "मले शब्द देल्ला होता बाई तुमी! माही माय रानात नाई हरवली कधी, अन् तुमी तिले शहरात हरवली! कोन्या भरवशावर बायका नेता तुमी?" लोक जमले. मी तोंड उघडलं, "नामदेव, अरे…" सुजाताबाईंनी माझ्याकडे न पाहताच त्याला म्हटलं, "हाव बाबू. माही चूक झाली. घेऊन जा मायले, दमली ते." बायका सगळ्या तिथे होत्या. सगळ्यांना माहीत होतं. एकही बोलली नाही, कारण सिस्टरबाई बोलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. म्हणालो, "मी नामदेवला खरं सांगून येतो." त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं नाही.

"काई सांगू नका."

"का?"

"माह्या भरवशावर बायका कधी घराबाहेर निघाल्या होत्या का, मास्तर? त्या तुमच्या भरवशावर निघाल्या. तुमचं नाव गेलं तं पुढच्या साली दुसरा बाप्या कुठून आनू मी? या गावात सादा मानूस येकच हाय. माहं नाव गेलं तं काय, मले घरी बसवून ठेवतीन. जाऊ तं सकतीन बायका."

"पण हे बरोबर नाही, बाई."

"बरोबर नाईच हाय. पन पोरीइनं समुद्र पाहाचा का नाई, ते सांगा."

त्यांचा विचार त्यांच्यापुरता खरा होता. माझ्यापुरता तो सोयीचा होता. एवढा फरक मला त्याच क्षणी कळला होता, आणि तरी मी घरी आलो, गप्प राहिलो.

पुढच्या वर्षी घरोघर मी फिरलो. काय बोलायचं ते त्यांनीच शिकवलं होतं. नामदेव म्हणाला, "तुमी पुढाकार घेता तं ठीक हाय, मास्तर. पन त्या बाईच्या हातात नोका देऊ." सुजाताबाई त्या सहलीला बायकांतली एक बाई म्हणून आल्या. स्टेशनवर मागे उभ्या राहिल्या. गाडीने नागभीड सोडलं की पुढे येऊन बसायच्या, आणि परतताना नागभीड जवळ आलं की पुन्हा मागे. त्यांना त्याचं काही वाटलं नसेल असं मी आता म्हणणार नाही. तेव्हा म्हणायचो.

त्या वर्षी कैलासगिरीवर त्यांनी मला मूर्तीसमोर उभं केलं. तशीच गर्दी. "मास्तर, आज हाक तुमी द्या." मी इकडेतिकडे पाहिलं. "लोकाइकडं काय पाहता? बायकाइकडं पाहा." मी दिली. आयुष्यभर फळ्यासमोर बोललेला माणूस, आवाज मध्येच फाटला. मग बागेच्या कानाकोपऱ्यांतून, गाडीच्या रुळांपलीकडून, बाकांमागून, हसत हसत उत्तर आलं. "हाऽऽव!" कोणी परक्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या. शिक्षा म्हणावी तर त्यांनी तेवढीच दिली, आणि ती शिक्षा माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या आनंदांपैकी एक आहे. तिथून आम्ही अप्पलम्माकडे गेलो. तेव्हापासून तिचं घर सहलीत कायमचं आहे. आमच्याकडचे नवे तांदूळ तिला, तिच्याकडची सुकट आम्हांला. विशाखापट्टणमला काय पाहिलंच पाहिजे असं आमच्या बायकांना विचारा, त्या पाणबुडीआधी तो ओटा सांगतील.

अशा कितीतरी सहली झाल्या. माझं नाव वाढत गेलं. तालुक्याच्या गावी एका मंडळाने मला शाल दिली. 'धानाच्या बांधीतून बायकांना समुद्रापर्यंत नेणारे गुरुजी' असं बोलणाऱ्याने सांगितलं. सुजाताबाई तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. मी उत्तरात म्हणालो, "हे सगळं सुजाताबाईंनी केलं, मी नुसता बरोबर होतो." सभागृहाने माझ्या विनयाचं कौतुक करून आणखी टाळ्या वाजवल्या. मी खरं बोललो होतो, आणि ते माझ्याच खात्यावर जमा झालं. सगुणाबाईला मी कसं हरवलं हे तेव्हा सांगितलं असतं तर टाळ्या थांबल्या असत्या. ते मी सांगितलं नाही.

मग माझे गुडघे गेले. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं. मी घरोघर निरोप पाठवला, या वेळी मी नाही, बाई नेतील. मला वाटलं, सहल मोडणार. पण बायका बदलल्या होत्या. ज्या सुना पहिल्या सहलीला चुळबुळत होत्या त्या आता घरच्या कारभारणी झाल्या होत्या, आणि त्या कोणाला विचारत नव्हत्या, सांगत होत्या. एवढ्या वर्षांत हे केव्हा झालं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. सुजाताबाईंच्या आलं असावं.

मी काठी टेकत नागभीडच्या फलाटावर गेलो. नामदेवची बायको जाणार होती, तो पोचवायला आला होता. सगुणाबाई तोवर वारली होती. त्याने मला बाजूला घेतलं. "तुमी नाई, मास्तर? मंग जबाबदारी कोनाची?"

"बाईंची. पहिल्यापासून त्यांचीच होती. तुझी आई हरवली, नामदेव, ती…"

गाडीची घोषणा झाली, गर्दी हलली. "जाऊ द्या मास्तर, जुनं झालं ते. म्या माफ केलं त्याईले," तो म्हणाला आणि पिशवी उचलून धावला. मीही धावून त्याचा हात धरायला हवा होता. तेही केलं नाही. तेच आता करतो आहे. नामदेव, सुजाताबाईंना माफ करण्यासारखं तुझ्याजवळ काहीच नव्हतं. हाक मी बंद केली. "आहेत" असं मी सांगितलं. तुझी आई त्यांनी शोधून आणली, आणि तुझे शब्दही त्यांनीच झेलले. आणि बायांनो, फलकावर त्यांचं नाव घाला. माझं कुठेच नको.

बायका त्या सहलीहून परतायच्या आतच मी मुलाकडे नागपूरला गुडघ्यांसाठी गेलो, आणि थोड्याच दिवसांनी तिथे मला सुजाताबाई गेल्याचं कळलं. झोपेतच गेल्या म्हणतात. म्हणून मी शेवटच्या पाहिलेल्या सुजाताबाई त्या फलाटावरच्या.

त्या दिवशी त्या मागे उभ्या नव्हत्या. डब्याच्या दारात उभ्या राहून एकेकीला हात देऊन वर घेत होत्या. पांढरी साडी खोचलेली, कपाळावर घाम, कोणाला रागावत, कोणाची थट्टा करत. नामदेवने बायकोची पिशवी पुढे केली, त्यांनी ती घेतली आणि त्यालाच विचारलं, "तू जेवला का रे बाबू? बायको नाई तं आता घरी कोन देईन तुले?" बायका खिडक्यांतून हसल्या. नामदेवही हसला. शेवटची बाई चढली, गाडी हलली. मी हात वर केला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी दार ओढून घेतलं, वळल्या आणि आत गेल्या. डबे एकेक करून माझ्यासमोरून सरकले. खिडक्या खिडक्यांतून आमच्या गावच्या बायका दिसल्या, आणि त्यांच्यात एकही बाप्या नव्हता.